बिनबिजलीचा फोटो

चिचटोल्याच्या आमराईत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बैलबंड्या सोडलेल्या, बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या, आणि मधल्या मांडवात फोटोवाले महाराज बसलेले. दुखणाईताच्या मानेवरून ते भगव्या फडक्यात गुंडाळलेली काळी फिल्म फिरवत, फडकं उघडत आणि फिल्म सूर्याकडे धरत. आतली हाडं दिसत. मग ते मान पिरगाळत, पुन्हा फडकं फिरवत, आणि सरकलेला मणका जागेवर बसलेला दिसे.

"डाक्टरच्या फोटोले बिजली लागते, मशीन लागते," महाराज सांगत होते. "तरी त्याले काय दिसते? कायीच नाई. आपला फोटो देवी काढते. बिना बिजली, बिना मशीन. जे तुटलं ते दिसते, जे दिसते ते जुळते."

समोर लहानू नावाचा म्हातारा बसला होता. त्याची मान कट्कन वाजली, फोटो बदलला, आणि लोकांनी हात जोडले.

मी तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर. मोटारसायकल दामटत आलो होतो, कारण माझी एक रुग्ण पहाटे खाटेवरून नाहीशी झाली होती आणि तिला इकडे आणल्याचं कळलं होतं. ती मला रांगेत सर्वांत पुढे दिसली. भागीरथा, वय नऊ. बाप देवाजीच्या मांडीवर टेकून बसलेली. मी बांधलेला गळपट्टा आई मनकर्णेच्या हातात होता.

आदल्या दिवशी ही पोर भाताच्या तणसाने भरलेल्या बंडीवरून डोक्यावर पडली होती. थोडा वेळ दोन्ही हातांना मुंग्या आल्या, मग गेल्या. मी तिच्या मानेचा एक्स-रे काढला. हाड कुठेच मोडलं नव्हतं. तरीही मी तिला उताणी झोपवलं, पट्टा बांधला आणि देवाजीला सांगितलं की उद्या दवाखान्याची जीप परत आली की नागपूरला न्यायचं, तोवर मान हलवायची नाही.

"फोटो साफ हाय म्हणता," देवाजी म्हणाला, "मंग पोरीले बांधून काऊन ठेवता?"

"फोटोत हाडं दिसतात, देवाजीभाऊ. हाडांच्या आतून जी नस खाली जाते ती दिसत नाही. लहान पोरांची मान लवचिक असते. ताणली जाते, हाड शाबूत राहते, पण आतली नस दुखावते. मुंग्या आल्या त्या त्यामुळेच."

"म्हणजे तुमच्या मशीनले दिसत नाई, अन् तुमाले दिसते?"

प्रश्न वाकडा नव्हता. मी परत परत समजावलं, त्याने मान डोलावली. पण सकाळी खाट रिकामी होती. ज्याच्या फोटोत काही दिसत नाही त्या डॉक्टरपेक्षा ज्याच्या फोटोत सगळं दिसतं तो महाराज त्याला पटला होता.

"तिला हात लावू नका," मी गर्दीतून ओरडत पुढे घुसलो. चौघांनी मला धरलं. त्यातला एक अगदी आदराने म्हणाला, "सायब, दरबार चालू हाय. नंतर बोला."

"देवाजीभाऊ, उठवा तिला."

देवाजीने माझ्याकडे पाहिलं. तो क्षणभर घुटमळला. तेवढ्यात महाराजांनी फोटो सूर्याकडे धरला, मणका सरकलेला दाखवला आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून झटका दिला. मी पाहत होतो. तेवढंच मला करता आलं.

भागीरथा रडली नाही. ती बापाच्या अंगावर कलंडली आणि म्हणाली, "बाबा, माहे हात कुठी गेले?"

मला धरणारे हात आपोआप सुटले. मी धावत जाऊन तिला सपाट निजवलं आणि तिचं डोकं दोन्ही तळव्यांत स्थिर धरलं. पायाला चिमटा घ्यायला देवाजीला सांगितलं. त्याने घेतला. पोरीला कळलं नाही.

"देवीची झोप हाय," महाराज म्हणाले. "तीन दिवसांत उतरते."

मनकर्णा उठली. "मंग आता फोटो दाखवा. आता काय झालं ते दाखवा."

महाराज फडकं गुंडाळू लागले. तिने ते हिसकलं. त्यातून एक नाही, दोन फिल्म पडल्या. तिने एक उचलून उन्हात धरली.

"सायब, काल तुमच्या फोटोत इच्या कानातल्या बाळ्या दिसत होत्या. यात काऊन नाई?"

मला पोरीचं डोकं सोडता येत नव्हतं. म्हणालो, "दोन्ही शेजारी धरा. खालच्या जबड्यात अर्धा वर आलेला दात पाहा. दोन्हीत तोच आहे ना?"

"हाव."

"एकाच पोराचे फोटो आहेत हे, कुठल्या तरी दवाखान्यात काढलेले. एकात मान पुढे वाकवलेली, दुसऱ्यात सरळ. लहान पोरांचे बंध सैल असतात. मान वाकवली की वरचा मणका पुढे सरकल्यासारखा दिसतो, सरळ केली की जागेवर. त्या पोराचं काही तुटलं नव्हतं, काही जुळलंही नाही. फडक्याच्या एका घडीत एक फिल्म, दुसऱ्या घडीत दुसरी. बस, एवढीच देवी."

लहानू म्हातारा जवळ आला. "पन मले बी हाच फोटो दाखवला."

"यात दुधाचे दात आहेत, बाबा. तुमच्या तोंडात आहेत काय?"

म्हाताऱ्याने बोळक्या हिरड्यांवरून जीभ फिरवली आणि तो खाली बसला. कुणी हसलं नाही. आम्ही फिल्म पाहत होतो तेवढ्यात महाराज मांडवामागून निघून गेले. त्यांना अडवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही.

जीप आली, आम्ही नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं केलं. झटक्याने जे गेलं ते परत आणण्याचा उपाय त्यांच्याकडे नव्हता, आजही कुणाकडे नाही. झटका बसला नसता तर पोर नक्की चालली असती, असंही मला छातीठोक सांगता येत नाही. तिला संधी होती, एवढं सांगता येतं. भागीरथा जगली. डावा खांदा थोडा उचलते. बाकी सगळं मनकर्णा करते.

मी पोलिसांत तक्रार दिली. साक्षीला एकही माणूस आला नाही. बाळ्या देवीने काढून घेतल्या असतील, असं चिचटोल्यात आजही काहीजण म्हणतात. महाराज दोन वर्षांनी आलापल्लीकडे दिसल्याचं कानावर आलं. देवाजी तिकडे गेला, मांडवासमोर उभा राहून त्याने आपल्या पोरीची हकिगत सांगितली. लोकांनी ऐकून घेतली, हळहळले, आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

म्हणून हे लिहितो. पोर डोक्यावर पडलं, मान दुखते म्हणालं, हातापायांना क्षणभर जरी मुंग्या आल्या, तर त्याची मान कुणालाही हलवू देऊ नका. सपाट निजवा, डोकं स्थिर धरा, मोठ्या दवाखान्यात न्या. फोटो साफ आला तरी न्या. फोटोला सगळं दिसत नाही, हे डॉक्टर तुम्हाला सांगेल. सगळं दिसतं असं जो सांगेल, त्याच्या हातात पोराची मान देऊ नका.