पाठीवर न उमटलेली खूण

मित्रांनो, मी एक जुना ब्रेस आहे, पण झिजून जुना झालेलो नाही. तनया उंच झाली, म्हणून मी जुना झालो.

ब्रेस म्हणजे पाठीचा कणा धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं कवच. तनया सातवीत होती. वेणी घालताना तिच्या आईला, अस्मिताला, तिचा एक खांदा खाली दिसायचा. "सरळ बस ना गं," असं ती रोज म्हणायची. मुलगी सरळच बसलेली असायची.

डॉक्टर म्हणाले, "कण्याला बाक आहे. वाढ संपेपर्यंत तो वाढू दिला नाही, तर कदाचित ऑपरेशन टळेल." त्या 'कदाचित'पासून अस्मिताचा जीव थाऱ्यावर नाही.

मग सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात ब्रेस बनवणाऱ्या आनंद सरांनी माप घेऊन, भट्टीत मऊ करून, मला तनयाच्या अंगासारखं घडवलं. उजव्या फासळ्यांपाशी दाब द्यायचा, हेच माझं काम. झोपेतसुद्धा मी तिच्या अंगावर असे. आंघोळीला आणि व्यायामाला तेवढी सुट्टी. मला काढलं की दाबाच्या जागी एक लालसर खूण दिसे आणि थोड्या वेळात विरून जाई. अस्मिता ती खूण रोज बघायची, हळूच बोट फिरवायची आणि तोंड फिरवून घ्यायची.

शाळेत मुलं माझ्यावर टकटक करत. "घरात आहे का कोणी?" केयूरने एकदा विचारलं.

"आहे," तनयाची मैत्रीण कादंबरी म्हणाली, "पण तुला भेटायचं नाहीये."

तनया हसली. ते हसू मला आतून जाणवलं.

मग उन्हाळा आला. मला घामाचा वास येऊ लागला. एका दुपारी तनया व्यायामाला गेली, तेव्हा अस्मिताने गाद्यांना ऊन दाखवायला काढलं आणि मलाही गच्चीवर नेलं. तापलेल्या पत्र्यावर ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दुमडलेली गादी ठेवली. उन्हाने सगळं स्वच्छ होतं, हे तिने आपल्या आईकडून ऐकलेलं. पण मी उष्णतेनेच वाकवलेला. तनया परतल्यावर मला उचललं, तेव्हा तापून, गादीच्या वजनाने मी किंचित फाकलो होतो.

"आई, आज अजिबात बोचत नाहीये," तनया म्हणाली. "मस्त वाटतंय."

"बघ, ऊन लागलं ना," आई खूश झाली.

मित्रांनो, मला ओरडता येत असतं, तर तेव्हा ओरडलो असतो. मी नुसता तिच्या अंगाभोवती होतो. दाब कुठेच नव्हता, आणि तिची उंची मात्र वाढतच होती.

दुसऱ्या दिवशी मला काढल्यावर अस्मिताने सवयीने बोट नेलं. खूण नव्हती. जी खूण दिसू नये असं तिला रोज वाटायचं, ती न दिसल्यावर तिने तनयाला उजेडाकडे वळवलं. तिने पट्टे ओढून पाहिले, पुन्हा पाहिले. मग चहा तसाच टाकून स्कूटर काढली.

आनंद सरांनी मला उलटंपालटं केलं. "उन्हात ठेवला होता?"

"वास येत होता म्हणून..."

"अहो, ब्रेस आहे हा, सांडगे नव्हेत. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लगेच आलात, हे बरं केलंत." त्यांनी मला पुन्हा गरम करून वळणावर आणलं.

पुढच्या एक्स-रेच्या वेळी अस्मिता खुर्चीवर बसेचना. बाक होता तेवढाच निघाला. वाढ मात्र अजून संपलेली नाही. आता तनयाच्या अंगावर नवा ब्रेस आहे आणि मी कपाटावर. मी दुसऱ्या कुणाला होणार नाही. तिच्याच मापाचा आहे ना.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी माझ्यासारखं कवच घालत असेल, तर टकटक करू नका. आणि तुम्हीच घालत असाल, तर 'बोचत नाही' हे आईला जरूर सांगा. खालून रोज अस्मिताचा आवाज येतो, "तनया, पाठ दाखव." तनया कुरकुरते, पण वळते. खूण आहे, असं आई म्हणेपर्यंत मीही इथे श्वास रोखून असतो.