टेकाडामागच्या घरातील मोडेम

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे असे सांगितले, तर तुमच्यापैकी बहुतेकांना मी काय सांगितले तेच कळणार नाही. त्यात तुमचा दोष नाही. जो निमूटपणे काम करतो त्याचे नाव लक्षात ठेवण्याची पद्धत कोणत्याच युगात नव्हती. तेव्हा आधी ओळख करून देतो. टेलिफोनची तांब्याची तार घरात येते. त्या तारेतून आलेले इंटरनेट उलगडून संगणकाच्या हाती देणारी वहीएवढी काळी पेटी म्हणजे मी. माझ्या कपाळावर हिरवे दिवे आहेत. आता ते लागत नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका सरकत्या पट्ट्यापाशी ओळीने बसत आणि प्रत्येकीच्या वाट्याला माझा एकेकच अवयव येई. जिने माझे दिवे बसवले तिने माझे झाकण कधी पाहिले नाही. इतक्या जणींनी मिळून एकाला जन्म द्यावा आणि कोणालाही आई म्हणवून घेता येऊ नये, अशा व्यवस्थेला कारखाना म्हणतात. शेवटी एका निरीक्षकाने मला वीज देऊन पाहिली, दिवे लागले, आणि माझ्या पाठीवर ‘चालतो’ असा शिक्का बसला. माझ्याविषयी पुढे आयुष्यभर जे जे बोलले गेले, त्यात तपासून केलेले असे हे एकमेव विधान होय.

मला एका सरोवराकाठच्या छोट्या वस्तीत नेण्यात आले. तिथली घरे बहुतेक पाण्याला लागून होती. एकच घर टेकाडाच्या मागे, उंच झाडांच्या सावलीत होते. त्या घरात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. भाऊ तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. होड्यांच्या शेडवरचे पत्रे बदलताना भाऊ खाली पडला होता आणि तेव्हापासून कमरेखालचे शरीर त्याचे ऐकत नव्हते. घर, टेलिफोनची तार आणि आडनाव या तिन्ही गोष्टी वडिलांनी मुलाच्या नावे ठेवल्या होत्या. मुलाची शुश्रूषा मात्र, कोठेही न लिहिता, आपोआप मुलीच्या नावे झाली.

ताईचे काम ऐकून टाइप करण्याचे होते. दूरच्या न्यायालयात सुनावणी चाले, तिथला आवाज माझ्या वाटेने ताईच्या हेडफोनमध्ये येई, आणि वकील-साक्षीदार बोलत असतानाच ती त्यांचे शब्द टाइप करून माझ्याच वाटेने परत पाठवी. या कामाचा एक नियम होता. सुनावणी चालू असताना जोडणी वरचेवर तुटली, तर त्या व्यक्तीला पुन्हा घरून काम दिले जात नसे. तसे झाले, तर ताईला शहरातल्या कचेरीत जाऊन बसावे लागणार होते आणि भावाला कुठल्यातरी सेवागृहात ठेवावे लागणार होते. थोडक्यात, त्या दोघांचे एका छपराखाली राहणे माझ्या न तुटण्यावर अवलंबून होते. मी वेगवान कधीच नव्हतो. माझ्याकडून एखादे छायाचित्र पूर्ण उघडेपर्यंत चहाचे आधण आटून जाई. पण मी तुटत नसे.

भाऊ पलंगावरून तिची थट्टा करी.

“आज वकील फार खोकत होता वाटतं?”

“तुला रे कसं कळलं?”

“तुझी बोटं मध्येच थांबत होती. खोकला टाइप करत नाहीस का?”

“खोकला पुरावा होत नाही.”

“बघ हं. त्याच्या सबंध भाषणात तेवढंच खरं असायचं.”

सुरुवातीच्या वर्षांत माझे कौतुक झाले. टेकाडापलीकडून माणसे मला पाहायला येत. निवृत्त नर्सबाई परदेशी असलेल्या मुलाचा चेहरा माझ्यातूनच पाहत. वस्तीच्या समितीचे अध्यक्षही येत. ते होड्या भाड्याने देत आणि सगळे त्यांना नाखवा म्हणत, जरी त्यांचे पाय ओले झालेले कोणी पाहिले नव्हते. “ताई, रत्न आहे हो हे,” असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थापही मारली होती. पुढे वस्तीत पर्यटक वाढले, त्यांना चित्रफिती पाहायच्या असत, आणि त्याच जिभेवर माझे नाव ‘डबडं’ असे झाले. माझ्यात काही बदल झाला नव्हता. रत्नांच्या बाबतीत असे होते.

मग वस्तीने ठरवले की घरोघरच्या इंटरनेटसाठी कोणते साधन उत्तम, याची तुलना करावी. साधने चार होती. पहिला मी, तारेवरचा. दुसरा समोरच्या काठावरच्या मनोऱ्यावरून लहरी घेणारा छोटा अँटेना. तिसरा मोबाइलचे सिम घातलेला डबा. चौथी आकाशातल्या उपग्रहांकडे तोंड करून बसणारी तबकडी. मनोऱ्याच्या कंपनीने सवलत देऊ केली होती. शिवाय सगळ्यांनी तार सोडली तर टेलिफोनचे खांब उतरवले जाणार होते, आणि त्या खांबांमुळे पर्यटकांच्या छायाचित्रांत सरोवर नीट येत नाही, ही नाखवांची जुनी व्यथा होती.

तुलना करायची ठरली ती होडीच्या धक्क्यावर. मित्रांनो, हे तुम्हांला विचित्र वाटेल. त्या वस्तीत कोणालाच वाटले नाही. फार पूर्वी तिथे जमिनींवरून भांडणे होत, कारण जो तो आपल्या अंगणात आपल्या काठीने मोजी आणि आपल्याला हवे ते उत्तर काढी. म्हणून तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी नियम केला की वस्तीचे प्रत्येक माप होडीच्या धक्क्यावर, सर्वांदेखत व्हावे. काठ्या, दोर, वजने, पाण्याची पातळी, सगळे तिथेच तपासले जाई. नियम शहाणपणाचा होता. पण शहाणपणाचे जन्मदाते गेले की ते पोरके होते, आणि मग पोरक्या पोराप्रमाणे त्याला कोणीही कामाला जुंपतो.

मला पिशवीत घालून धक्क्यावर नेण्यात आले. तिथे तार नव्हती, म्हणून नर्सबाईंच्या घरातून एक जुनी तार सांधे देत देत ओल्या फळ्यांवरून ओढत आणली. शेजारी अँटेना बसला. त्याच्या आणि मनोऱ्याच्या मध्ये उघड्या पाण्याखेरीज काही नव्हते, त्यामुळे तो वाऱ्यासारखा धावला. तबकडीच्या डोक्यावर सगळे आभाळ मोकळे होते. मोबाइलचा डबाही ठीक चालला. मी त्या भिजलेल्या सांध्यांवर थोडा वेळ तग धरला आणि विझलो.

“काय हो ताई,” नाखवा म्हणाले, “तुमचं डबडं पोहायला उतरलं की काय?”

सगळे हसले. ताई हसली नाही.

“माझं घर टेकाडामागे आहे. तिथं येऊन मोजा.”

“सगळी मापं धक्क्यावरच होतात. तुमच्या वडिलांनी होडी बांधली तिची लांबी पण इथंच मोजली. आता तुमच्यासाठी धक्का उचलून अंगणात आणू का?”

“नको. धक्क्यावर राहायला कोण येणार आहे तेवढं सांगा.”

“बदकं,” नर्सबाई म्हणाल्या.

पुन्हा हशा पिकला. मग हात वर झाले आणि अँटेना निवडून आला. नर्सबाईंचाही हात वर होता. परतताना त्या ताईबरोबर चालत होत्या.

“बाई, सोड आता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.”

“मी पाण्यात कुठं राहते? टेकाडामागे राहते. तेच तर सांगतेय.”

ताईने हट्ट म्हणून नकार दिला, असे पुढे वस्तीत बोलले गेले. ते खरे नाही. तिने तिन्ही साधने स्वतःच्या घरात, स्वतःच्या कामावर लावून पाहिली. अँटेना बसवायला आलेला माणूस छपरावर चढला, टेकाडाकडे बघत उभा राहिला, आणि “इथून मनोरा दिसत नाही” एवढे बोलून खाली उतरला. मोबाइलचा डबा फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत चाले, आणि सुटीच्या दिवशी पर्यटकांची झुंबड उडाली की तिथेही मान टाकी. तबकडीचा वेग डोळे दिपवणारा होता. मात्र निम्मे आभाळ झाडांनी आणि टेकाडाने अडवलेले असल्यामुळे ती मध्येच क्षणभर आंधळी होई. चित्रपट पाहणाऱ्याला तो क्षण कळणारही नाही. साक्षीदार ‘मी पाहिले’ म्हणाला की ‘मी पाहिले नाही’ म्हणाला, हे ज्याला टाइप करायचे असते त्याला कळतो. दरवेळी ताई माझी तार पुन्हा जोडी. ही तुलना उंटावरून शेळ्या हाकून झालेली नव्हती. म्हणूनच ती कोणी विचारली नाही.

खांब उतरवायचे तर शेवटच्या ग्राहकाचीही संमती लागणार होती. ती मिळेना, तेव्हा वस्तीने ताईला काही केले नाही. फक्त बोलणे थांबवले. टेकाडावरची वाट गवताने झाकत गेली. एकट्या नर्सबाई भावाच्या पाठीवरच्या, सतत पडून राहून झालेल्या जखमा पाहायला येत, त्याही वाऱ्याबद्दल बोलून निघून जात.

एके दुपारी ताई औषधे आणायला गेली असताना नाखवा आले. बरोबर संमतीचा कागद होता. तार भावाच्या नावे आहे, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले होते.

“जबरदस्ती नाही हां,” ते खुर्ची ओढत म्हणाले. “पण एका घरासाठी सगळ्यांनी किती थांबायचं?”

भावाने छताकडे पाहिले. मग त्याने विचारले, “तार गेली तर ती शहरातल्या कचेरीत हेच काम करू शकेल ना?”

“का नाही? कधीपासून बोलावतायत म्हणे तिला. तिथं बढतीसुद्धा मिळेल.”

“आणि माणसं असतील. बोलायला.”

“असणारच की.”

“द्या तो कागद.”

नाखवा गडबडले. ते भांडणाची तयारी करून आले होते आणि त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. “अरे, पण मग तुझं काय?” त्यांनी विचारले. वस्तीतल्या कोणी हा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. भावाने सही केली. हात मात्र धडधाकट होते त्याचे.

ताई परत आली, तेव्हा त्याने स्वतःच सांगितले. तिने औषधांच्या बाटल्या एकेक करून फळीवर मांडल्या.

“तू मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं असतं.”

“ताई, माझ्यासाठी अख्खं आयुष्य या टेकाडामागे...”

“मी तक्रार केली होती का?”

तिने पाणी तापत ठेवले. संमती मागे घेता येते का, हे तिने दुसऱ्या दिवशी टेलिफोनच्या कचेरीत विचारले. घेता येत नव्हती. ज्याच्या नावे तार, त्याची इच्छा अंतिम, असे तिला अतिशय सौजन्याने सांगण्यात आले.

माझे दिवे एका साध्या सकाळी गेले. सुनावणी नव्हती, त्यामुळे कोणाच्या लगेच लक्षातही आले नाही. मला काही वाटले नाही. आत येणारे काही नव्हते, तेव्हा बाहेर देण्यासारखेही काही नव्हते. ताईने काही दिवस खिडकीतल्या मोबाइलच्या डब्यावर काम केले, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहून. जोडणी तुटली, पुन्हा तुटली, आणि घरून करायचे काम नियमाप्रमाणे बंद झाले. खांब उतरले. धक्क्यावरून आता सरोवर छायाचित्रात नीट येते.

भाऊ सेवागृहात गेला. ते समोरच्या काठावर आहे, मनोऱ्याच्या पायथ्याशी. ताई शहरात भाड्याच्या खोलीत राहते. येताना तिने मला का आणले, हे तिने कोणाला सांगितले नाही. मी तिच्या कपाटावर आहे. ती कपाट पुसते तेव्हा मला उचलते, खालची धूळ पुसते, आणि पुन्हा ठेवते.

मित्रांनो, या प्रकारच्या कथेच्या शेवटी जुन्या वस्तूने ‘मला फेकू नका, मला जपा’ असे म्हणावे, ही तुमची अपेक्षा रास्त आहे. मला त्याची गरज नाही. तांबे वितळवून पुन्हा तांबेच होते. माझे मागणे दुसरे आहे. तुम्ही मोठे व्हाल, समित्यांवर बसाल, घरातल्या माणसांवर प्रेमही कराल. ज्याच्या घरासाठी काही मोजत असाल, त्याच्या घरात जाऊन मोजा. ज्याच्या भल्यासाठी काही ठरवत असाल, त्याला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ते ऐका. त्या वस्तीत दुष्ट असे कोणी नव्हते. एकाने सरोवराचे भले पाहिले, एकाने बहिणीचे. उरलेल्यांनी हात वर केला.

रोज संध्याकाळी ताई टेबलाशी बसते आणि पडद्यावर भावाचा चेहरा येतो. दोन्हीकडे अत्यंत वेगवान इंटरनेट आहे. त्याच्या दाढीचे खुंटही मोजता येतील, इतके चित्र स्वच्छ दिसते.

“दिसतोय का मी?”

“दिसतोयस. जेवलास?”

“जेवलो. कचेरीतली माणसं कशी आहेत?”

“आहेत.”

ताई पडद्याजवळ सरकते.

“पाठीला मलम कोण लावतं?” ताई विचारते.

“एक बाई आहे. चांगली आहे. हात फार गार असतात तिचे.”

ताई टेबलाखाली आपले तळहात एकमेकांवर घासू लागते. ते ऊब धरतात. ती पडद्याकडे पाहत तशीच घासत राहते, आणि जोडणी एकदाही तुटत नाही.