हाकेतला ‘या’

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. व्याकरणात ‘नाव’ नपुंसकलिंगी असले तरी मी मुलाचे नाव, त्यामुळे मी ‘आलो, गेलो’ असेच बोलणार. मी कोणते नाव, ते मात्र सांगणार नाही. नावाला स्वतःला हाक मारता येत नाही. ते काम दुसऱ्या कोणीतरी करायचे असते, आणि माझे सगळे आयुष्य त्या दुसऱ्याची वाट पाहण्यात गेले.

माझे मूळ कुठले, यावर दोन शहाण्यांचे एकमत नाही. एक म्हणतो, आज कोणी बोलत नाही अशा एका भाषेत माझा अर्थ ‘किनाऱ्याला लागणारा’ असा होता. दुसऱ्याच्या मते मी मुळात गुरे घरी वळवण्याची साद होतो. हे ऐकून मी काही दिवस तोंड लपवून बसलो. शाळेतल्या एका बाईंनी मात्र वर्गात सरळ सांगून टाकले, की या नावाचा अर्थ ‘परत येणारा’.

त्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी होती. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. एकदा गेले की आठ-आठ महिने त्यांचा पत्ता नसे. तिला धाकटा भाऊ झाला, तेव्हा आत्याने एक नाव सुचवले, मामाने दुसरे. ही हटून बसली. परत येणारेच नाव पाहिजे, म्हणाली आणि दोन वेळा जेवली नाही. शेवटी मोठ्यांनी हात टेकले आणि मी त्या घरात आलो.

ती मुलगी म्हणजे आमची ताई. तिने पहिल्याच आठवड्यात मला एक शेपूट लावले, ‘या’. नावाला ‘या’ लागला की ते घरचे होते, लाडातही आणि रागातही. संध्याकाळी ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मला हाक मारी आणि तो ‘या’ असा काही लांबवी, की गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. खाली खेळणारा भाऊ हातातला चेंडू टाकून “आलो ताई” म्हणत धावत सुटे. आपला जन्म याचसाठी आहे, असे मला तेव्हा वाटायचे.

भाऊ जन्मला त्याच वर्षी माझ्याच नावाचा एक गायक रेडिओवर गाजला आणि घरोघरच्या बाळांना मीच हवा झालो. मी अगदी हवेत होतो. पण गंमत बघा. पुढे भावाच्या वर्गात माझ्या नावाची चार मुले निघाली. सर वैतागले आणि त्यांनी त्यांना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा करून टाकले. आमचा तिसरा. माझा भाव वधारला आणि नेमके तेव्हाच मला कोणी विचारेना.

तिसरा मोठा होऊन पाट्या रंगवू लागला. चाळीस वर्षे त्याने डॉक्टरांची, वकिलांची, शिंप्यांची नावे रंगवली. मला एकदाही नाही. कोपऱ्यात सही करायचा, तीही ‘पेंटर’ अशी. बाहेर तो पेंटर, बायकोचा ‘अहो’, मुलांचा बाबा, नातवंडांचा आजोबा. या सगळ्या हाका मायेच्याच होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांत मी नव्हतो. मी कागदपत्रांत पडून राहिलो आणि नव्या आईबापांना जुनाट वाटू लागलो. फक्त दर रविवारी दुसऱ्या शहरातून ताईचा फोन येई आणि ती मला ‘या’सकट हाक मारी. त्या एका हाकेवर मी आठवडा काढत असे.

गेल्या वर्षी ते फोन थांबले. ताईला विसर पडू लागला होता. पेंटर बस धरून तिच्याकडे गेला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाली, “बसा ना काका. माझा भाऊ येईलच एवढ्यात.”

तो बसला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी ती त्याला काकाच म्हणे. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. त्याला ती हाक एकदा, फक्त एकदा ऐकायची होती. मलाही. मला तशी हाक मारणारे जगात दुसरे कोणी उरले नव्हते.

मग एक दिवस त्याने हातभर लांबीची फळी घासली, पांढरा रंग दिला आणि वर निळ्या रंगात मला लिहिले. अक्षर सुबक आले. रविवारी त्याने पाटी पिशवीत घातली. वाटेत रंग खरवडला गेला तर हाताशी असावी म्हणून ब्रश आणि रंगाची डबीही घेतली. ताईच्या मुलीने दार उघडले. पेंटरने ताईपुढे पाटी धरली. लहानपणी त्याला अक्षरे तिनेच शिकवली होती. ती एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“हे चुकलंय,” ती म्हणाली. “शेवटी ‘या’ कुठाय?”

पेंटरने डबी उघडली आणि ‘या’ लिहिला. काना वाकडा गेला. ताईने पुन्हा वाचले, मान डोलावली, उठून खिडकीशी गेली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत मला हाक मारली. तोच ‘या’, तेवढाच लांबवलेला.

“आलो ताई,” तिच्या मागून पेंटर म्हणाला.

ती वळली. “किती उशीर रे,” म्हणाली आणि तिने त्याचा रंगाचा हात पदराने पुसला.

थोड्या वेळाने तो पुन्हा काका झाला. त्याचे वाईट वाटलेच, मी खोटे कशाला बोलू? पण ती पाटी आता खिडकीशेजारी टांगली आहे. संध्याकाळी ताई ती वाचते आणि हाक मारते. रविवारी तो तिथेच असतो. इतर दिवशी भाची मामाला फोन लावून ताईच्या कानाशी धरते.

मित्रांनो, तुमच्या आजोबांना लहानपणी कोण, कशी हाक मारायचे, ते आज विचारून घ्या. आणि जमले तर एकदा तशी हाक मारा. ते रागावणार नाहीत. ते “आलो” म्हणतील.