भाजलेला गाल

तक्त्यांच्या त्या छापखान्यात चित्रासाठी बाहेरचं माणूस बसवायची पद्धत नव्हती. मालकांना परवडत नव्हतं अशातला भाग नाही, पैसे सोडायचे जिवावर यायचं. म्हणून शाळांच्या भिंतींवर टांगायच्या प्रत्येक तक्त्यात इथलीच माणसं असायची. इंग्रजी नामं आणि त्यांच्या विरुद्ध अर्थाचे शब्द असा नवा तक्ता निघाला, तेव्हा 'वेल्थ'साठी मालक स्वतः कोट घालून बसले आणि शेजारच्या 'पॉव्हर्टी'साठी त्यांनी हिशेबनिसाला बसवलं. हिशेबनिसाची बायको कितीतरी दिवस नवऱ्याशी धड बोलत नव्हती. चेहरा देणाऱ्याला एक जास्तीचा चहा मिळायचा, बस्स.

ताईचा चेहरा मात्र आजवर कोणी मागितला नव्हता. चित्राखाली शब्दाची छापील पट्टी चिकटवायची, हे तिचं काम. लहानपणी उकळतं पाणी अंगावर सांडून तिचा उजवा गाल डोळ्याच्या कडेपासून हनुवटीपर्यंत भाजला होता. चित्रं काढायचा तिचा सख्खा धाकटा भाऊ. दोघं एकाच घरात राहायची, एकत्र कामाला यायची, दुपारी एकाच डब्यातलं खायची.

त्या सकाळी ताईच्या टेबलावर दोन चित्रं आली. 'ब्यूटी' म्हणजे मालकांची सून. त्यात वावगं काही नव्हतं, पोरगी खरोखरच देखणी होती. दुसरं चित्र पालथं घातलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर 'अग्लीनेस'ची पट्टी ठेवलेली. ताईने ते सुलटं केलं.

नाक तिचं. केस तिचे. चष्म्याची दोरीसुद्धा तिचीच. आणि गालावर तपकिरी-जांभळा रंग असा थापलेला, जणू भिंतीचे पोपडे निघालेत.

ताईचे कान तापले. हा तक्ता किती शाळांत जाणार, त्याच्यासमोर उभं राहून किती पोरं तिच्या तोंडाकडे बोट दाखवत तो शब्द घोकणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती चित्र घेऊन तडक भावाच्या खोलीत गेली.

"कोणी सांगितलं हे काढायला?"

"मालकांनी." भाऊ ब्रश धूत होता, धूतच राहिला. "मी आधी नाही म्हटलं होतं गं. मग म्हणाले, दुसरा चित्रकार बघतो. घर कसं चालायचं आपलं? आणि खाली तुझं नाव थोडंच आहे?"

"माझा कुठला गाल भाजलाय?"

त्याने तिच्या हातातल्या चित्राकडे पाहिलं. "डावा."

"चित्रात नको बघू. माझ्याकडे बघ."

भावाने मान वर केली. भाजलेला गाल उजवा होता. त्याचा चेहरा उतरला. लहानपणापासून तिच्या ताटासमोर ताट मांडून जेवलेल्या या माणसाने एकदाही तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं. ताईला त्या शब्दाने लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. चित्राचे तिने सरळ चार तुकडे केले आणि चेहरा देणाऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसली, खिडकीच्या उजेडात, उजवा गाल पुढे करून.

"टांगायचंच आहे ना मला? मग बघून काढ. आणि मध्येच नजर चोरलीस तर मी काही उठायची नाही इथून."

भावाने नवा कागद लावला. आधी नुसती बाह्यरेषा काढली. नंतर त्याला दिसायला लागलं, की भाजलेली कातडी ओढली गेल्यामुळे तिच्या ओठाचा कोपरा वर उचललेला असतो, आणि म्हणून ती रागावली तरी लोकांना वाटतं ही आतल्या आत हसतेय. तो काढत गेला. दारात माणसं जमली. हिशेबनीस न सांगता चहा घेऊन आला आणि कप तिच्यापाशी ठेवत म्हणाला, "चेहरा देणाऱ्याचा हक्काचा आहे."

चित्र संपत आलं तेव्हा मालक आले. चष्मा पुसून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"अरे, ही कुठे कुरूप दिसतेय?" ते वैतागून म्हणाले. "ही तर आपली ताई दिसतेय."

आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरलं तसे ते आणखीच चिडले.

"पहिलं कुठाय? ते बरं होतं."

"फाडलं मी," ताई म्हणाली.

"मग हा शब्द आता कोणाखाली लावायचा?"

"पट्ट्या मी चिकटवते, मालक. ही मी कोणाच्याही तोंडाखाली चिकटवणार नाही. माझ्या नाही, तुमच्या नाही, रस्त्यावरच्या कोणाच्याही नाही."

"ठीक आहे. तुमच्या जागी दुसरी बाई बघतो."

ताई खुर्चीतून हलली नाही. मालकांनी भावाकडे पाहिलं, तो नेहमीसारखा काहीतरी सारवासारव करेल म्हणून. भाऊ कागदावरून नजर न काढता तिच्या उजव्या गालावरची शेवटची रेघ ओढत होता. ती पुरी करून त्याने ब्रश खाली ठेवला.

"चित्रकारही दुसरा बघा मग," तो म्हणाला.