बांधाखालची वाळू

शाळा खाडीकाठच्या सपाट जागेवर बांधायची की टेकरीवर, हे चार वाजता पंचायतीच्या बैठकीत ठरणार होतं. पन्ना गढवी सकाळी सातलाच फावडं घेऊन त्या सपाट जागेवर हजर झाली. ती भुजच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. महिन्यापूर्वी इथं तिला शिंपल्यांच्या वाळूचा हातभर थर सापडला होता. समुद्र कधीतरी इथवर चढून आला होता, असं तिनं अहवालात लिहून टाकलं होतं.

शाळेच्या बांधकामाचे इंजिनियर वैष्णवही आले होते; त्यांना ते पटलं नव्हतं. त्यांनी हौदात खाडीची छोटी प्रतिकृती करून तीस वेळा लाट सोडली. तीसही वेळा पाणी ह्या जागेच्या अलीकडेच थांबलं.

"पन्नाबेन, माझा प्रयोग कुणीही करून बघावा. तुमचा करून दाखवा पुन्हा."

"समुद्राला आवतण धाडू का, साहेब? झालं तेव्हा आपण कुणी नव्हतो. मागं राहिलंय तेवढंच वाचायचं."

गलबतांवर जन्म काढलेले जुसबचाचा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. त्यांनी तिच्या महिन्यापूर्वीच्या खड्ड्यातून एक काळा गोटा उचलला.

"अगं पोरी, समुद्र कशाला येतोय! हे नीरम. रिकामं गलबत डोलू नये म्हणून तळाशी वाळू-दगड भरायचे आणि बंदरात आलं की ओतून द्यायचे. हा मस्कतचा दगड. कच्छात असला शोधून आण, दाढी उतरवतो."

वैष्णव हसले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं.

पन्नानं गोटा फिरवून पाहिला. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. तिनं वहीतला हातभर थर आडवी रेघ मारून खोडला आणि पुन्हा खड्ड्यात उतरली. नीरमाखाली चिखल लागला. चिखलाखाली चार बोटं करडी वाळू.

"हेही नीरमच असेल," वैष्णव म्हणाले.

"असेल. म्हणून खणायच्या आधीच लिहून देते."

तिनं कागदावर लिहिलं: नीरम असेल तर वाळू गलबतं लागत तिथंच सापडेल, ढिगानं, परक्या दगडांसकट. लाटेनं आणली असेल तर गलबत कधीच पोचलं नाही अशा आतल्या जमिनीतही सापडेल. आत जावं तसा थर पातळ होईल, कण बारीक होतील. कागद तिनं वैष्णवांच्या हाती दिला. "खोटी ठरले तर चार वाजता मीच सांगेन."

तीनशे पावलं आत दुसरा खड्डा घेतला. दोन बोटं वाळू, दगड एकही नाही. तिसरा आणखी आत, चाचांच्या बाजरीच्या शेतात. तिथं काहीच नाही.

"नांगरानं मोडला असेल गं," चाचा समजुतीनं म्हणाले. "साठ वर्षं नांगर चालतोय इथं."

"असं म्हणून चालायचं नाही, चाचा. हरलेला माणूस काहीही म्हणतो. कधीच न नांगरलेली जागा दाखवा."

तशी जागा एकच होती: चाचांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या शेतांमधला, आज्यानं घातलेला बांध. दोघे हजर नसताना त्याला फावडं लावणं म्हणजे भांडण विकत घेणं. शेवटी चाचांनी भावाला हाक मारली. इस्माईल तोंडात रोटल्याचा घास घेऊनच आला.

"ह्या बांधापायी अकरा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि आता खणायला बोलावतोस?"

"शाळेसाठी आहे. तुझीच नातवंडं जाणार."

इस्माईलनं घास गिळला. "खणा. पण मधोमध. त्याच्या बाजूला एक ढेकूळ जास्त पडता कामा नये."

बांधाच्या तळाशी, जुन्या मातीत, नखाएवढी करडी रेघ दिसली. वैष्णवांनी स्वतः सुरीनं ती खरवडली, भिंगाखाली धरली. पिठासारखी वाळू, शिंपल्याचा चुरा. त्यांनी खिशातला कागद काढून पुन्हा वाचला.

"किती वर्षांपूर्वीची?"

"अजून माहीत नाही. लाट पुन्हा कधी येईल, तेही नाही."

"मग माझा हौद खोटं बोलला?"

"नाही. तुम्ही त्याला आजची खाडी विचारलीत. तेव्हाची कशी होती?"

वैष्णवांनी सुरी पुसली. "थरांची मापं द्या मला. एवढी वाळू इथवर यायला केवढी लाट लागेल, उलटं बघतो. सपाट जागेला मात्र आज माझी सही नाही."

"म्हणजे पोरांनी रोज टेकरी चढायची," इस्माईल म्हणाला. "पण ती तरी कोरडी राहिली होती का?"

पन्नानं टेकरीकडे पाहिलं. तिथं पाणी पोचलं नव्हतं, असंही तिनं अहवालात लिहिलं होतं. तिथं एकही खड्डा न घेता.

दीड वाजला होता. तिनं फावडं खांद्यावर टाकलं आणि चढायला लागली.