शिवलेला सांधा

बाईंनी रिकाम्या टाकीच्या भिंतीवर हातोडी ठोकली आणि कान पुढे केला. टण्. वीतभर सरकून पुन्हा ठोकली. टण्. आतून सडलेले काँक्रीट फुटक्या मडक्यासारखे बद्द वाजते. ही भिंत पन्नास वर्षांनंतरही खणखणीत बोलत होती.

"ऐकलंत, जावईबापू?"

जावई टाकीच्या तळाशी फाईल छातीशी धरून उभे होते. पाणीपुरवठ्याचे अभियंते तेच, आणि टाकी पाडावी असा अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता तोही त्यांनाच. त्याच कचेरीतून बाई सोळा वर्षांपूर्वी अभियंता म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तरी त्या दारात दिसल्या की अजूनही खुर्च्या मागे सरकत.

"आई, नुसत्या आवाजावर टाकी वाचत नाही. तडा वरपासून खालपर्यंत गेलाय. दोनदा बुजवला, दोनदा उघडला."

"बुजवणाऱ्यानं तो का पडला, हे विचारलं होतं का?"

"त्यात काय विचारायचं? वय झालंय टाकीचं."

"वय माझंही झालंय. मग मलाही पाडा."

कोपऱ्यातला म्हातारा मिस्त्री खोकल्याचे निमित्त करून हसला. उमेदीची सारी वर्षे त्याने बाईंच्या हाताखाली काढली होती, आणि कालच त्यांनी त्याला घरून बोलावून घेतले होते.

टाकी पाडली, तर नवी उभी राहीपर्यंत निम्म्या शहराने दोन वर्षे टँकरमागे बादल्या घेऊन धावायचे. धडधाकट भिंतीपायी ही शिक्षा बाईंना मान्य नव्हती.

तडा जागचा सरकतो का ते कळावे म्हणून काल भर दुपारी मिस्त्रीने त्यावर तीन काचपट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. आज सकाळी तिन्ही मधोमध तुटलेल्या सापडल्या.

"म्हणजे तडा वाढतोय," जावई म्हणाले. "माझंच खरं झालं."

"वाढत नाही, हलतोय. भिंत दुपारी तापून फुगते, पहाटे निवून आखडते. आखडताना तिला जागा लागते. कुणी दिली नाही, तर ती स्वतः करून घेते. माझी लेक तुमच्या घरात काय वेगळं करते?"

जावयांनी हसू दाबत फाईल उघडली. "पण जागा ठेवलीय की. जुन्या नकाशात मधोमध सांधा आहे. बोटभर फट, आत मऊ भरण."

"मग भिंतीवर दाखवा."

भिंत सपाट होती. गिलाव्याच्या थराखाली सांध्याची रेघसुद्धा दिसत नव्हती. बाईंनी तड्यापाशी हात टेकवला आणि आडव्या विती मोजत निघाल्या. एक. दीड. हात भिंतीच्या बरोबर मधोमध थांबला.

"बाई, राहू द्या," मिस्त्री हळूच म्हणाला.

"का राहू द्यायचं?"

त्याने पायाशी पडलेली छिन्नी हळूच मागे सरकवली.

तीस वर्षांपूर्वी हाच सांधा पाझरत होता. ऐन उन्हाळा तोंडावर, आणि हाताशी दिवस तीन. बाईंनी सांध्यात आडव्या सळया घालून, वर घट्ट सिमेंट ठासून तो कायमचा शिवून टाकला. थेंब थांबला. भर सभेत साहेबांनी पाठ थोपटली, आणि पुढे कित्येक नव्या अभियंत्यांना बाईंनी ते काम मोठ्या दिमाखात सांगितले. सळया सांध्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड वीत गेल्या होत्या. तडा नेमका त्यांच्या टोकाशी पडला होता.

सांधा शिवल्याची ती गोष्ट जावयांनीही ऐकली होती; ती याच टाकीची, हे उमजायला आता वेळ लागला नाही. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"आई, त्या कामाचे कागद आता कुणाकडेच नाहीत. सांधा मोकळा करू, तडा भरू, टाकी वाचेल. कारण 'अज्ञात' लिहितो. तुमचं म्हणणंच खरं ठरलं ना? झालं तर."

"आणि तुमच्यानंतर येणाऱ्यानं पुन्हा शिवला तर? गळका सांधा दिसला की हुशार माणसाचे हात शिवशिवतात. माझे शिवशिवले होते." त्यांनी फाईलकडे बोट केले. "लिहा. सांधा बंद केल्यामुळे भिंत तडकली. कुणी बंद केला, तेही लिहा. हुद्द्यासकट."

"लोक काय म्हणतील?"

"आधी पाणी पिऊ द्या त्यांना. मग ओल्या घशानं हवं ते म्हणू द्या."

जावयांचे पेन कागदावर टेकेना. बाईंनी फाईल ओढून घेतली, गुडघ्यावर टेकवली आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. खाली पूर्ण सही केली. पूर्वी करीत तशीच, लांब आणि टोकदार.

मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "घ्या छिन्नी."

मिस्त्रीने छिन्नी सांध्यावर टेकवली आणि वरून बेताने घाव घातला. जरासा गिलावा उडाला. दुसरा घाव त्याहून हलका पडला.

"मिस्त्री, असं गोंजारून चालणार नाही," बाई म्हणाल्या. "जोर लावा. मी भरलेलं आहे ते."