सुधाकररावांच्या गाडीचा नवा कम्प्युटर

नव्व्याण्णव सालची गोष्ट. आदिलाबादच्या आमच्या रस्त्यावर कार्बोरेटरऐवजी कम्प्युटरवर चालणारी गाडी एकच, कापसाच्या जिनिंगवाल्या सुधाकररावांची. कोण्या शहाण्यानं बॅटरी न काढता तिले वेल्डिंग मारलं, अन् इंजिन चालवणारा कम्प्युटर जळून गेला. तसाच दुसरा मिळेना, म्हणून रावांनी पुण्याहून रेसच्या गाड्यांचा कम्प्युटर मागवला अन् पांडुरंगराव मिस्त्रीले बसवायले देला.

मी रेणुकाबाई. मिस्त्रीच्या गॅरेजशेजारच्याच दुकानात शेतातल्या मोटारी भरते, म्हणजे जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळते. माहा माणूस गेल्यापासून दुकान मीच चालवते. गाडीचं काम मागून मागून जीभ झिजली, पण पांडुरंगराव म्हणायचे, बाईनं पंखे भरावे, बॉनेटमधी डोकं घालू नये. असा राग यायचा मले!

तीन दिवस ते तारा जोडून राह्यले होते. गाडी घरघर करे, एखादा फटाका फोडे, अन् गप्प. चौथ्या दिवशी सुधाकररावांनी गाडी हैदराबादले न्यायले लॉरी बोलावली. मंग मले राहवलं नाई. आता नाई तं कधीच नाई, असं म्हणून मी सरळ बॉनेटपाशी गेली.

मी इचारलं, इंजिन कुठवर फिरलं हे कम्प्युटरले कसं समजते? पांडुरंगरावांनी दातेरी चाकाजवळची लहानशी कॉइल दाखवली. दाता समोरून गेला की ती खबर देते, म्हणे. तिच्या दोन तारा कशा लावल्या, असं इचारलं तं म्हणे कॉइलच हाय, कशाही लावा.

मले हसूच आलं. अवो, कॉइलले सुरुवात असते, शेवट असतो! मोटारीत एक कॉइल उलटी जोडली तं मोटार नुसती गुरगुरते, हे मी पहिल्याच वर्षी हात पोळून शिकली. इथं खबरच उलटी जाऊन राह्यली होती, म्हणून ठिणगी भलत्याच वेळी पडे. मी दोन्ही तारांची अदलाबदल केली अन् चावी फिरवली.

इंजिन झटक्यात चालू झालं. असं मऊ चाललं की लॉरीवाला बिडी टाकून पाहाले आला.

सुधाकरराव धावत आले अन् पांडुरंगरावांचा हात धरून वा मिस्त्री, वा मिस्त्री करू लागले. पांडुरंगराव खाली पाहून राह्यले. मी काऊन गप्प बसू?

"ते मी चालू केलं," मी म्हटलं.

पांडुरंगरावांनी मान वर केली. "खरं हाय. मिस्त्री ह्या हायत."

सुधाकररावांनी लॉरी वापस पाठवली अन् जिनिंगच्या बंद पडलेल्या जीपची चावी माह्या हातावर ठेवली. मी सगळ्यांसमोर रडली. मंग जीपचं बॉनेट उघडलं.